टेम्पररी हिट पॉइंट्स: बेरीज नाही, निवड

आजचा विषय छोटा आहे, पण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना यावरून हमखास वाद होतो: टेम्पररी हिट पॉइंट्स. आपण त्यांना नुसतं ‘टेम्प’ म्हणू. मी पाचव्या एडिशनचे, २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमधले नियम धरून बोलतोय.

एचपी म्हणजे कॅरेक्टरचा जीव. टेम्प म्हणजे जीव नाही, जीवापुढे धरलेली ढाल. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, मला तर हे सरळ दोन वेगळे व्हेरिएबल दिसतात. फटका बसला की आधी टेम्प कापले जातात, उरलेलं डॅमेज खऱ्या एचपीतून जातं. टेम्प ५ आणि डॅमेज ७ असेल, तर टेम्प संपले आणि खरे एचपी २ ने कमी झाले.

हे दोन वेगळे आहेत एवढं डोक्यात बसलं, की बाकीचं पाठ करावं लागत नाही. हीलिंगने टेम्प भरत नाहीत. एचपी फुल असले तरी टेम्प मिळतात. टेम्पने सगळं डॅमेज झेललं तरी ते डॅमेजच, त्यामुळे कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह रोल करावाच लागतो.

आणि जिथे खरंच कॅरेक्टर जाऊ शकतं ती गोष्ट: मित्र ० एचपीवर बेशुद्ध पडलाय आणि तुम्ही त्याला टेम्प दिलेत, तर तो उठत नाही. स्टेबलही होत नाही. पुढचा फटका टेम्प झेलतील, पण डेथ सेव्ह चालूच राहतात. अशा वेळी एक एचपी का होईना, खरं हीलिंग द्या.

आता वादाचा मुद्दा. ५ टेम्प आहेत, अजून ८ मिळाले, तर १३ का? नाही. फूड ॲपवर एका ऑर्डरला एकच कूपन लागतं ना, तसंच. जुने ठेवा नाहीतर नवे घ्या. पण नीट ऐका, नियम ‘मोठा आकडा घ्या’ असं म्हणत नाही. निवड तुमची असते.

समजा, वॉरलॉकने तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने ‘आर्मर ऑफ अगाथिस’ टाकलंय. १५ टेम्प मिळाले, आणि ते शिल्लक असेपर्यंत जो जवळून मेली अटॅकने मारेल त्याला १५ कोल्ड डॅमेज. मारामारी संपली, टेम्प उरले ४. आता ‘इन्स्पायरिंग लीडर’ फीटवाला बार्ड दहा मिनिटं भाषण देऊन ८ टेम्प देतोय. घ्यायचे?

मी नाही घेणार. त्या स्पेलमध्ये ‘हे हिट पॉइंट्स असताना’ अशी अट आहे. ते ४ सोडले की थंडीचा उलटा मारही गेला. साध्या ऑर्कचे एचपी असतात १५. म्हणजे ते ४ ठेवले, तर मला मारणारा पहिला ऑर्क स्वतःच आडवा!

२०२४ च्या पुस्तकात मात्र या स्पेलची भाषा बदलली आहे: तुमच्याकडे टेम्प उरलेच नाहीत तर स्पेल संपतो. कुठले टेम्प, ते लिहिलेलं नाही. तिथे मी बार्डचे ८ खुशाल घेईन.

म्हणून गेम सुरू होण्याआधी डीएमला विचारून ठेवा, आपण कुठलं पुस्तक धरतोय. चला, पुढच्या भागात भेटू!