ही गोष्ट नक्की तुझीच का?

मुलांनो, ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द ऐकलाय का कधी? शब्द मोठा भारदस्त, पण अर्थ सोपा आहे. दुसऱ्यानं लिहिलेलं आपलं म्हणून खपवणं, म्हणजे वाङ्मयचौर्य. चोरलेलं पेन दप्तरात सापडतं. चोरलेलं वाक्य कुठं सापडणार, असं पुष्कळांना वाटतं. पण तेही सापडतं बरं का! आणि कधी कधी तर ज्याच्याजवळ सापडतं, त्यालाच ते कुठून आलं याचा पत्ता नसतो. हेलन केलरच्या बाबतीत असंच घडलं.

हेलनचा जन्म अमेरिकेत १८८० साली झाला. अवघ्या एकोणीस महिन्यांची असताना आजारपणात तिची दृष्टी गेली आणि ऐकूही येईनासं झालं. १८८७ मध्ये ॲन सुलिव्हन या शिक्षिका तिच्या घरी आल्या. हेलनच्या तळहातावर बोटांनी एकेक अक्षर करून त्यांनी तिला भाषा शिकवली.

१८९१ साली, अकरा वर्षांच्या हेलननं एक गोष्ट लिहिली : ‘द फ्रॉस्ट किंग’, म्हणजे हिमराजा. हिमराजाची रत्नं उन्हानं वितळतात आणि झाडांच्या पानांवर सांडतात, म्हणून शरद ऋतूत पानं लाल-सोनेरी होतात, अशी ती सुरेख कल्पना. बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचे संचालक मायकेल ॲनाग्नोस यांना तिनं ही गोष्ट वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ते इतके खूश झाले, की त्यांनी ती छापलीच!

आणि मग घोटाळा झाला. मार्गारेट कॅनबी या लेखिकेची ‘द फ्रॉस्ट फेअरीज’ ही गोष्ट हेलनच्या जन्माआधीच प्रसिद्ध झाली होती. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, तर कल्पना तीच आणि शब्दही बरेचसे तेच! हेलनला तर ती गोष्ट कधी कळल्याचं आठवेना. चौकशी झाली, तेव्हा उलगडा झाला. १८८८ च्या उन्हाळ्यात हेलन ज्या बाईंकडे राहिली होती, त्यांच्याजवळ कॅनबीबाईंचं पुस्तक होतं. तेव्हा कुणीतरी ती गोष्ट हेलनच्या हातावर वाचून दाखवली असावी. गोष्ट मनात राहिली, पण ती कुणाची हे मात्र पुसलं गेलं.

तरीही १८९२ साली संस्थेतल्या आठ जणांच्या समितीपुढं त्या लहान मुलीला उभं केलं गेलं. सुलिव्हनबाईंना बाहेर जायला सांगितलं आणि हेलनवर प्रश्नांचा भडिमार झाला. चार मतं तिच्या बाजूनं पडली, चार विरुद्ध. ॲनाग्नोस यांनी आपलं मत तिच्या बाजूनं दिलं, पण पुढं त्यांचंही मन फिरलं. ती मैत्री तुटली ती तुटलीच.

कॅनबीबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी हेलनला मायेनं पत्र लिहून धीर दिला. पण हेलनच्या मनात भीती बसली. साधं पत्र लिहितानाही ती एकेक वाक्य पुन्हा पुन्हा तपासायची. हे आपण कुठं वाचलेलं तर नाही ना? अखेर सुलिव्हनबाईंच्या आग्रहानं, बाराव्या वर्षी, भीत भीतच तिनं मुलांच्या एका साप्ताहिकासाठी स्वतःची हकीकत लिहिली. पुढं १९०३ साली आलेल्या आत्मचरित्रात तिनं हिमराजाचं सारं प्रकरण काही न लपवता सांगून टाकलं.

आता आपल्याकडे वळू या. हेलनकडून हे नकळत झालं. आपण गाईडमधला निबंध उतरवतो किंवा इंटरनेटवरचा मजकूर प्रकल्पवहीत चिकटवतो, तेव्हा ते नकळत असतं का? काही हुशार मंडळी ‘सूर्य’च्या जागी ‘भास्कर’ लिहितात आणि म्हणतात, झालं आमचं! अहो, शर्टाचं बटण बदललं म्हणून शर्ट आपला होतो का?

मग करायचं काय? वाचताना वहीत आधी पुस्तकाचं, लेखकाचं नाव आणि पान लिहा. उतारा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि जे समजलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहिता आलं नाही, तर समजलेलं नाही, पुन्हा वाचा. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल, तर ते अवतरणचिन्हांत घाला आणि लेखकाचं नाव द्या. दुसऱ्याची कल्पना घेतली, तरी नाव द्यायचं. संगणकानं किंवा ताईनं मदत केली असेल, तर तसं सांगा. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला, यासारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींना मात्र कुणाचं नाव द्यायची गरज नाही.

आई-बाबांनाही एक विनंती. रात्री अकरा वाजता मुलाचा प्रकल्प स्वतः पूर्ण करू नका. त्यात मार्क मिळतील, पण ते तुमचे असतील! वेडीवाकडी, पण त्याची स्वतःची चार वाक्यं वहीत राहू द्या. बाईंना ती वाचूनच कळतं, याला काय येतं आणि कुठं अडतं. उतरवलेल्या सुबक निबंधातून ते कसं कळणार?

तेव्हा दोस्तांनो, पुढचा निबंध लिहून झाला, की वही मिटण्यापूर्वी स्वतःलाच विचारा : यातलं माझं किती? आणि जे दुसऱ्याचं आहे, त्याचं नाव मी लिहिलंय ना?