नवी नोंद आली की मेल यावा, म्हणून एवढं करा



आधी जूनमधली गोष्ट सांगते, चूक माझीच होती. कर्जमागणी आता आपण कागदाऐवजी गुगल फॉर्मवर भरतो. म्हारळ, वरप, कांब्याच्या ताईंना एका अर्जासाठी शहाडच्या पुलावरचा ट्रॅफिक काढत ऑफिसला यायला लागू नये, म्हणून आपणच ते ठरवलं. एका ताईंनी मुलीच्या प्रवेशासाठी गुरुवारी रात्री मागणी भरली. नोंद यादीत बरोबर जाऊन बसली. मी चार दिवस मुरबाडकडे प्रशिक्षणात, यादी उघडलीच नाही. सोमवारी संध्याकाळी पाहिली, तोवर ताईंनी कानातलं गहाण ठेवलं होतं. त्या मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

पंचसूत्रीतलं 'नियमित लेखे' आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण लिहिलेलं कुणी बघितलंच नाही तर? रजिस्टर होतं तेव्हा ताई समोर उभी असायची. फॉर्म भरला की कुणी दार वाजवत नाही. ते दार वाजवायचं काम गुगलला सांगता येतं, पैसे पडत नाहीत.

कसं करायचं? ज्या जीमेलवरून फॉर्म बनवलाय, त्यानेच क्रोममध्ये गुगल फॉर्म्स उघडा. आपला फॉर्म उघडून 'रिस्पॉन्सेस'वर जा. तिथे तीन ठिपके दिसतील, ते दाबा. 'गेट ईमेल नोटिफिकेशन्स फॉर न्यू रिस्पॉन्सेस' असं येईल, त्यावर टिक करा. झालं. गुगल अकाउंटची भाषा मराठी असेल तर हेच शब्द मराठीत दिसतील, जागा तीच.

आता नीट लक्ष द्या, इथेच घोळ होतो. मेल फक्त टिक करणाऱ्यालाच येतो. मी टिक केली आणि मी पुन्हा चार दिवस बाहेर गेले, तर पुन्हा तेच! म्हणून फॉर्ममध्ये सचिव आणि कोषाध्यक्ष ताईंना पण जोडायचं, आणि त्यांनी आपापल्या फोनवर स्वतः टिक करायची. एकीचा पासवर्ड सगळ्यांना वाटू नका, कितीही सोपं वाटलं तरी.

दुसरं, मेलमध्ये नाव-रक्कम काही येत नाही. 'नवीन उत्तर आलंय' एवढंच येतं, बघायला आत जावं लागतं. मला तर हे बरंच वाटतं. घरात फोन चार हातांत फिरतो, कुणाला किती कर्ज हवंय ते सगळ्यांनी कशाला वाचायचं? आधार नंबर तर फॉर्ममध्ये विचारूच नका.

काही सीआरपी ताई फॉर्म न भरता थेट शीटमध्ये लिहितात. त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर शीट उघडून 'टूल्स'मध्ये 'नोटिफिकेशन सेटिंग्ज'. तिथे लगेच मेल हवा की दिवसाचा एकदम, ते निवडता येतं. पण कुणी फोन नंबर दुरुस्त केला तरी मेल येतो, आणि मग माणूस कंटाळून बघायचंच सोडतो. त्यापेक्षा फॉर्मच भरा. शिवाय आपण स्वतः केलेल्या बदलाचा मेल शीट आपल्याला पाठवत नाही. तपासताना दुसऱ्या ताईंकडून नोंद करून घ्या, नाहीतर 'चालत नाही' म्हणून बसाल.

मेल आला नाही तर स्पॅम बघा. जीमेलचं नोटिफिकेशन फोनमध्ये बंद असेल तर मेल येऊनही आवाज होणार नाही, ते पण चालू करा.

शीटमध्ये शेवटी मी एक रकाना वाढवलाय: 'कोणी पाहिलं, तारीख'. मेल वाचला की तो भरायचा आणि मागणी करणाऱ्या ताईंना त्याच दिवशी फोन करायचा. कर्ज मंजूर होवो न होवो, अर्ज पोचलाय एवढं तरी त्यांना कळू दे.

पुढच्या मासिक बैठकीला सचिव आणि कोषाध्यक्ष ताईंनी फोन चार्ज करून आणा, जीमेलचा पासवर्ड आठवून या. तिथेच एक खोटी नोंद टाकून बघू, कुणाचा फोन वाजतो ते.