सेल्युलर जेलची कडी

पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलवर लिहा, असा संपादकांचा आग्रह पडला तेव्हा तिचा दप्तरी इतिहास उगाळण्याची मला मुळीच हौस नव्हती. १८९६ साली काम सुरू झाले, १९०६ साली पुरे झाले, मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सात तिमजली चाळी निघाल्या, एवढे सर्वश्रुतच आहे. मला खिळवून ठेवले ते कोठडीच्या कडीने.

दार गजांचे; पण त्याचा लांब अडसर दाराशी न थांबता बाहेर भिंतीतल्या कोनाड्यात शिरतो, आणि गजांतून हात कितीही ताणला तरी पोहोचणार नाही अशा अंतरावर तेथे कुलूप पडते. बंदिवानाला आपल्या कुलपाचा आवाज तेवढा ऐकू यावा, हा बंदोबस्त ज्याला सुचला त्याच्या बुद्धीचे कौतुक वाटते आणि त्या कौतुकाची लागलीच लाजही वाटते.

हीच बुद्धी साऱ्या इमारतीत मुरली आहे. कोठडी १३॥ फूट लांब, ७॥ फूट रुंद. मागल्या भिंतीत उंचावर एक झरोका. आणि प्रत्येक चाळीचे तोंड शेजारच्या चाळीच्या पाठीकडे, म्हणजे दाराशी उभे राहून दुसऱ्या बंदिवानाचे मुखही दिसू नये. बाबाराव सावरकर येथे असतानाच १९११ साली त्यांचे धाकटे बंधू विनायकराव आले, आणि १९२१ पर्यंत दोघे याच बंदिवासात होते. पण एका आवारात असणे म्हणजे भेटणे नव्हे. दिवसभर कोलूला जुंपून तेलाचा ठराविक भरणा करायचा, तो न झाला तर शिक्षा, आणि रात्री पुन्हा तीच भिंत.

डोळ्यांचा असा चोख बंदोबस्त करणाऱ्याला कानांचा मात्र विसर पडला. भिंतीवर ठोके देऊन, बेड्या खुळखुळवून बंदिवानांनी अक्षरांची टपाल सुरू केली; विनायकरावांनी भिंतीचाच कागद केला, खिळ्याने कविता कोरल्या आणि चुन्याचा हात फिरण्यापूर्वी त्या पाठ केल्या.

आता सातांपैकी तीनच चाळी उभ्या आहेत, आवारात रुग्णालय आहे, आणि १९७९ पासून हे राष्ट्रीय स्मारक आहे. रुग्णालयाबद्दल तक्रार कोण करील? परंतु चाळी पाडल्या गेल्यावर पाठीकडे तोंड करण्याचा तो कावा जागेवर उमजत नाही. प्रेक्षक उघड्या दारातून आत जातो, झरोक्याकडे पाहतो, छायाचित्र काढतो आणि क्षणार्धात बाहेर येतो. या वास्तूने मनुष्याविरुद्ध वापरलेले मुख्य हत्यार होते काळ, आणि तोच कोठे मांडलेला नाही. माझे कोणी ऐकणार असेल तर स्वेच्छेने तयार होणाऱ्या प्रेक्षकाला एका कोठडीत अर्धा तास, घड्याळ बाहेर ठेवून, कडी घालून बसवावे. माहितीचे फलक त्यानंतर वाचू द्यावेत.