अध्यादेश की जीआर?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक पीडीएफ फिरत होती: "सरकारचा नवा अध्यादेश!" उघडली, तर वर लिहिलेलं 'शासन निर्णय'. म्हणजे जीआर.

ही गल्लत बातम्यांतही सर्रास होते, म्हणून लिहितोय.

अध्यादेश हा कायदाच असतो. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली, तर अनुच्छेद 213 नुसार राज्यपाल तो काढतात. अधिवेशन भरलं की तो सभागृहांपुढे ठेवावा लागतो. त्यानंतर सहा आठवड्यांत त्याची जागा कायद्याने घेतली नाही, तर तो आपोआप संपतो.

बिहारमध्ये 1967 ते 1981 या काळात 256 अध्यादेश निघाले आणि तेच ते पुन्हा पुन्हा काढले गेले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. सी. वाधवा! 1986 मध्ये न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

जीआर हा मात्र खात्याचा प्रशासकीय आदेश. त्याने कायदा बदलता येत नाही. शेवटी 'राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने' असं असतं, तिथेच बरेच जण फसतात.

तेव्हा पुढे पाठवण्याआधी मथळा वाचा. एखाद्या कागदाबद्दल शंका असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.