बिनशिखराचा कुकडेश्वर

जुन्नरला येणारा पाहुणा शिवनेरी आणि लेण्याद्री ठरवूनच येतो. वेळ उरला तर नाणेघाट. घाटाकडे निघालेल्या गाड्या आपटाळ्यावरून चावंड किल्ल्याच्या पायथ्याशी येतात आणि बहुतेक वेळा तशाच पुढे निघून जातात. पूर गावातला कुकडेश्वर त्यामुळे आपसूकच शांत राहिला आहे. शिवरात्र आणि श्रावणी सोमवार सोडले तर इथे गर्दी अशी नसतेच.

देऊळ लहान आहे. आपल्याच डोंगरांतला काळा दगड, एक मंडप, त्यामागे गाभारा. खांबांवर आणि भिंतींवर इतकं कोरलेलं आहे की एवढ्याशा वास्तूवर एवढा खर्च कुणी आणि का केला असावा, हा प्रश्न पडतोच. मूळ शिखर मात्र राहिलेलं नाही. समोरून पाहिलं तर देऊळ बसकं, अर्ध्यावर थांबल्यासारखं दिसतं. ते मुळात कसं दिसत असेल याची कल्पना करायची असेल तर रतनवाडीच्या अमृतेश्वराला जावं. तिथलं शिखर अजून उभं आहे.

ही देवळं चुन्याशिवाय रचलेली. घडीव दगड एकावर एक बसवायचा, खाचेत खाच अडकवायची आणि वरच्या वजनानं खालचं घट्ट धरायचं. रचना हजार वर्षं टिकते, पण एका अटीवर : सांध्यांत पाणी आणि मूळ शिरता कामा नये. सह्याद्रीच्या माथ्याजवळ, जिथे पाऊस जूनला सुरू होऊन गणपतीपर्यंत हटत नाही, तिथे ही अट पाळायला माणसं लागतात. पिंपळाचं रोप वेळेवर उपटणारा एक माणूस एखाद्या राजाइतकाच महत्त्वाचा.

राजा कोण, यावर स्थानिकांचं उत्तर ठाम आहे : झंझ. उत्तर कोकणचा हा शिलाहार राजा दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा. अरब प्रवासी मसूदी 916 च्या सुमारास चौलला आला, तेव्हा त्यानं याचं नाव नोंदवलं. पुढच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत झंझानं शंकराची बारा देवळं बांधल्याचा उल्लेख येतो. त्या बारांची यादी परंपरेनं नद्यांच्या उगमाशी जोडून पूर्ण केली. कुकडीच्या उगमाशी कुकडेश्वर, खिरेश्वरला नागेश्वर, वर हरिश्चंद्रेश्वर, रतनवाडीला अमृतेश्वर. कथा सुंदर आहे, म्हणूनच जरा जपून घ्यावी. ताम्रपटात गावांची नावं नाहीत, आणि आजच्या कोरीवकामाचा बाज झंझाच्या काळापेक्षा अंबरनाथच्या देवळाला जवळचा वाटतो. अंबरनाथचा शिलालेख 1060 चा आहे. झंझानं इथे काही बांधलं असेलही. आपण पाहतो ते त्यानंतरचं असावं, असं मला वाटतं.

जुन्नरच्या इतिहासात या देवळाची जागा मोलाची आहे. नाणेघाटातला राणी नागनिकेचा लेख, दोनशेहून अधिक बौद्ध लेणी, त्यांना टाकी आणि भोजनमंडप दान देणारे इरिल आणि चिट हे यवन, हे सगळं सातवाहनकाळाच्या आसपासचं. मग एकदम शिवनेरी आणि निजामशाही. मधली हजारभर वर्षं आपण उडी मारून ओलांडतो. त्या काळातही घाट चालू होता. खाली कल्याण बंदरात तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस सहाव्या शतकात ‘कल्लियाना’त ख्रिस्ती वस्ती आणि इराणातून नेमलेला बिशप असल्याचं लिहून गेला, आणि बहुतेक अभ्यासक ते कल्याणच मानतात. त्या मंडळींच्या प्रार्थनाघराचा माग लागत नाही. घाटमाथ्यावरचं हे देऊळ मात्र हात लावून पाहता येतं.

शेजारच्या आंबेगावातून भीमाशंकरला जाणारी वाट कधी ओस पडली नाही. तिथे ज्योतिर्लिंगाचा मान होता, पेशवाईचा आश्रय होता, नाना फडणवीसांनी शिखर उभारलं. कुकडेश्वराला तसा कुणी वाली मिळाला नाही. त्याला सांभाळलं ते भातखाचरं कसणाऱ्या आणि उन्हाळ्यात हिरडा वेचणाऱ्या आसपासच्या वाड्यावस्त्यांनी, बहुतेक महादेव कोळी समाजानं.

आता ते संरक्षित स्मारक आहे. देवळाला नवं शिखर हवं, असं एखादा भाविक बोलून जातो. त्यामागची भावना समजते, पण सिमेंटचा रंगीत कळस या दगडांवर चढू नये. मूळ शिखराचे दगड ओळखून जागेवर बसवता आले तर ती गोष्ट वेगळी.

जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावं. जुन्नरपासून अंतर पंधरा-वीस किलोमीटर. सकाळी चावंड चढून, सात टाकी पाहून उतरलात तर दुपार देवळाला देता येते. नाणेघाट दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा, नाहीतर इथली दहा मिनिटंही घाईत जातात. आणि मूर्तींना तेल-शेंदूर लावू नका. त्यानं कोरीवकाम बुजतं.