मनोऱ्याच्या सावलीत एक दिवस

तंजावरला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. बृहदीश्वराचे मंदिर, भोसल्यांचा राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, थोडी चित्रांची खरेदी आणि लगेच मदुराईची गाडी. याच जिल्ह्याला समुद्रही आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नसते.

अलिबाग, नागावकडे किनाऱ्यालगत तंबूत रात्र काढण्याची हौस आता बऱ्याच घरांना लागली आहे. तीच हौस घेऊन इकडे जरूर यावे. फक्त दोन गोष्टी बदलाव्या लागतात: महिना आणि मुक्काम.

तंजावरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, पट्टुक्कोट्टईच्या पुढे, मल्लिपट्टिनमजवळ समुद्राकाठी एक उंच षट्कोनी इमारत उभी आहे. नाव मनोरा! सरफोजीराजे दुसरे यांनी ती १८१४-१५ च्या सुमारास बांधली. निमित्त काय, तर इंग्रजांनी नेपोलियनचा केलेला पाडाव. राज्याचा कारभार १७९९ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला. तेव्हा हा आनंद किती खरा आणि किती राजकारणाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आठ मजल्यांची ही वास्तू मोठी देखणी आहे. शिलालेखात मराठी मजकूर आहे. तो शोधण्याचे काम मुलांवर सोपवावे, अर्धा तास निवांत मिळतो. गावाचे नावही राजाचेच, शरभेंद्रराजपट्टिनम.

इथे कोकणासारखी वाळू आणि लाटा शोधल्यात तर मात्र निराशा होईल. पाल्कचा उपसागर उथळ, बऱ्याच ठिकाणी दहा-बारा मीटरही खोल नाही. पाणी गढूळ, लाटा लहान. पलीकडे श्रीलंका. या पाण्याखाली समुद्री गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर चरते ती समुद्रगाय, म्हणजे डुगाँग. तिच्यासाठी तामिळनाडू सरकारने २०२२ मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टई जिल्ह्यांच्या सागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर केले. देशातले असे हे पहिलेच. काठावरून समुद्रगाय दिसेल या आशेवर मात्र मुलांना ताटकळत ठेवू नये.

आता महिन्याचे. आपल्याला दिवाळीची सुट्टी म्हणजे उघडीप, स्वच्छ आभाळ. तंजावरकडे नेमका तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि चक्रीवादळांचा काळही तोच. १६ नोव्हेंबर २०१८ ला 'गज' वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले. पट्टुक्कोट्टई, पेरावुरणीकडच्या नारळीच्या बागाच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. जिथे पन्नास वर्षांचे माड टिकले नाहीत तिथे आपला कापडी तंबू काय टिकणार? म्हणून दिवाळीत नको, जानेवारी-फेब्रुवारीत जावे. शाळेची अडचण असेल तर चार दिवसांची रजा काढावी, पण वादळाशी पैज लावू नये.

मुक्काम पट्टुक्कोट्टईत किंवा तंजावरात करावा आणि किनाऱ्यावर फक्त दिवसाचा तळ टाकावा. हा कोळ्यांचा कामाचा किनारा आहे. होड्या आणि वाळत घातलेली जाळी यांच्यापासून दूर, विचारून जागा घ्यावी. मोठी सतरंजी, उन्हासाठी जुनी चादर आणि दोरी, भरपूर पिण्याचे पाणी एवढे पुरे. पहाटेच निघालात तर सूर्य समुद्रातून वर येताना दिसेल. आपल्याकडे तो बुडताना पाहायची सवय.

जेवण तिथे मिळेल या भरवशावर राहू नये, तंजावरहूनच बांधून घ्यावे. कावेरीकाठची कुटुंबे आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, नदीवर जातात ती अशीच भाताचे डबे घेऊन: चिंचभात, लिंबूभात, नारळभात, दहीभात. यांतला चिंचभात उन्हातही संध्याकाळपर्यंत टिकतो. दहीभात मात्र दुपारीच संपवावा, आणि सोबत लोणच्याची फोड विसरू नये.