शिळ्या हवेतील उष्णता आणि ताज्या हवेचा खर्च

रुग्णांच्या नातेवाइकांकडून येणाऱ्या लेखी सूचनांमध्ये एक सूचना गेली काही वर्षे वारंवार आढळते. वातानुकूलित खोली थंड असते, परंतु तासाभरातच ती कोंदट वाटू लागते. खिडकी उघडावी तर परिचारिका ती बंद करण्यास सांगतात. अशा सूचनेसोबत ‘ए.सी. जुना झाला असावा, तो बदलावा’ असा सल्लाही दिलेला असतो. सल्ला सद्भावनेचा आहे, परंतु नवा ए.सी. बसविल्याने हा कोंदटपणा जाणार नाही. तसे का, हे सांगावे आणि त्या अनुषंगाने विश्वस्त मंडळापुढे आलेल्या एका देणगीचा विचार कसा झाला तेही आपणांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, अभियंता नाही. मात्र हा सारा विषय आवक आणि जावक यांचाच असल्याने त्यात डोकावण्याचे धाडस केले आहे.

भिंतीवर बसविलेला स्प्लिट ए.सी. बाहेरची हवा आत घेत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आतील आणि बाहेरील यंत्रांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून केवळ शीतक द्रव्य फिरते. खोलीतील तीच ती हवा यंत्रात जाते, थंड होते आणि पुन्हा आपल्याकडे येते. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी खोली घेतली तर तीत ३६ घनमीटर हवा मावते. तीत दोन प्रौढ माणसे झोपली आणि खोली सर्व बाजूंनी बंद असली, तर त्यांच्या उच्छ्वासामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर तासाला दशलक्ष भागांत सुमारे ७०० ते ८०० भागांनी वाढते. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते आज ४२० भागांहून थोडे अधिक आहे. म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच असे सुचविले होते की, राहत्या खोलीत हे प्रमाण हजारात एक भाग, म्हणजे दशलक्षात १००० भाग, याच्या पुढे जाऊ नये. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी ठरत नाही. परंतु तो वाढला याचा अर्थ, आपण एकमेकांची सोडलेली हवा पुन्हा आत घेत आहोत. त्या हवेत दमटपणा असतो, वास असतो आणि एखाद्यास श्वसनमार्गाचा संसर्ग असेल तर त्याचे जंतूही असतात.

आपल्या जुन्या कौलारू घरांत हा प्रश्न उद्भवत नसे. कौलांच्या फटींतून, गवाक्षांतून, पडवीच्या बाजूने हवा न बोलाविता येई आणि न विचारता जाई. थंड देशांतील जुन्या घरांतही दारे-खिडक्यांच्या फटींतून आणि धुराड्यातून हवा खेळत असे. फक्त तिकडे प्रत्येक फटीतून जळणाचा पैसाही बाहेर जाई. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. तेव्हा या देशांत फटी बुजविण्याची आणि भिंतींना जाड उष्णतारोधक थर देण्याची मोहीमच सुरू झाली. घरे उबदार झाली, पण आतील बाष्पाला बाहेर जाण्यास वाट राहिली नाही. तावदानांवरून पाणी ओघळू लागले, कोपऱ्यांत बुरशी धरू लागली आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होऊ लागला. खिडकी उघडावी तर ऊब जाते आणि मिटावी तर हवा शिळी होते, अशी ही अडचण होती.

यावर निघालेला मार्ग विलक्षण साधा आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात रेजायना या शहरी १९७७ मध्ये एक प्रायोगिक घर बांधण्यात आले. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, तरीही या घरात नेहमीची भट्टी बसविलेली नव्हती. हॅरल्ड ऑर आदी अभियंत्यांनी ते जवळजवळ हवाबंद केले आणि हवा बदलण्यासाठी एका विशेष पेटीची योजना केली. तीत एकाआड एक पातळ पडदे असतात. एका पोकळीतून घरातील उबदार, शिळी हवा बाहेर जाते आणि शेजारच्या पोकळीतून बाहेरची थंड, ताजी हवा आत येते. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत; पडद्यातून केवळ उष्णता पलीकडे जाते. सस्कॅचेवान विद्यापीठातील अभियंत्यांनी प्लायवूड आणि प्लॅस्टिकचे पातळ तक्ते वापरून अशी पेटी घरच्या घरी कशी करावी याचे आराखडेही लोकांना उपलब्ध करून दिले होते.

या पेटीतील खरी युक्ती दिशेची आहे. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने सोडले, तर जास्तीत जास्त दोहोंचे तापमान मधोमध येऊन थांबेल. आत २० अंश आणि बाहेर शून्य असेल तर १० अंशांवर. परंतु ते एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी सोडले, तर आत येणारी हवा जसजशी पुढे सरकते तसतशी तिला अधिकाधिक उबदार शेजार मिळत जातो आणि घरात शिरण्यापूर्वी ती १६-१७ अंशांपर्यंत पोहोचू शकते.

हिशेब असा पडतो. एक घनमीटर हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे एक-तृतीयांश वॉट-तास ऊर्जा लागते. एका कुटुंबास ताशी १५० घनमीटर ताजी हवा हवी, आत २० अंश आणि बाहेर शून्याखाली २० अंश, म्हणजे फरक ४० अंशांचा, असे धरू. तेव्हा केवळ हवा तापविण्यासाठी सतत दोन किलोवॉट, म्हणजे दिवसाला ४८ युनिट लागतील. पेटीने शेकडा ८० उष्णता परत मिळविली तर सुमारे ३८ युनिट वाचतात आणि दोन्ही पंख्यांना दिवसभरात दीड-दोन युनिट पुरतात. कोणत्याही हिशेबनिसाचे समाधान व्हावे असा हा ताळेबंद आहे. जर्मनीत डार्मश्टाट येथे वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने बांधलेल्या चार घरांत १९९१ मध्ये कुटुंबे राहावयास आली. त्या घरांपासून प्रचारात आलेल्या बांधकाम-पद्धतीत तर अशी यंत्रणा आवश्यकच मानली जाते.

आता देणगीविषयी. कॅनडात स्थायिक झालेल्या आणि आपल्या संस्थेस पूर्वीपासून साहाय्य करणाऱ्या एका कुटुंबाच्या घरी अशी पेटी आहे. आपल्या डायलिसिस विभागाच्या प्रतीक्षाकक्षात रुग्ण व नातेवाईक तासन्‌तास बसतात हे त्यांनी पाहिले आणि तेथे अशी यंत्रणा बसविण्यासाठी देणगी देऊ केली. कोकणपट्टीत उष्णता परत मिळवून काय करावयाचे, हा प्रश्न एका ज्येष्ठ विश्वस्तांनी लगेच विचारला. प्रश्न रास्त होता.

आपल्याकडे व्यवहार उलटा होतो. येथे आतील हवा थंड व कोरडी केलेली असते आणि बाहेरील हवा तप्त व दमट असते. बाहेर जाणाऱ्या हवेकडून आत येणाऱ्या हवेने गारवा घ्यावयाचा. परंतु नुसता गारवा पुरत नाही. मे महिन्यात बाहेर ३३ अंश तापमान आणि शेकडा ६५ आर्द्रता असेल व आत २४ अंश ठेवावयाचे असेल, तर बाहेरच्या प्रत्येक घनमीटर हवेबरोबर सुमारे १२ ग्रॅम जादा पाणी बाष्परूपाने आत येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, सार्वजनिक जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा असावी अशी शिफारस केली. प्रतीक्षाकक्षात चौदा माणसे धरली तर ताशी ५०० घनमीटर हवा लागते. म्हणजे ताशी सहा लिटर पाणी हवेतून काढावे लागेल! हे बाष्प काढण्यास लागणारी ऊर्जा ही हवा नुसती थंड करण्याच्या ऊर्जेच्या जवळजवळ तिप्पट असते. केवळ या ताज्या हवेसाठी दीड टनाचा एक स्वतंत्र ए.सी. खर्ची पडेल. ताजी हवा फुकट मिळते असे आपण म्हणतो, ते खिडकी उघडी असेपर्यंतच खरे.

कॅनडातील धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पडद्यांची पेटी जशीच्या तशी आणली असती, तर या खर्चाचा लहान वाटा तेवढा वाचला असता. दमट प्रदेशासाठी बाष्पही पलीकडे जाऊ देणारे पडदे असलेल्या पेट्या मिळतात. दुसरा प्रकार फिरत्या चक्राचा असतो. थंडीत नाकावरून मफलर गुंडाळला की उच्छ्वासाची ऊब व ओल लोकरीत राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत मिळते; चक्राचे कार्य तसेच चालते. आपल्याकडे त्याची दिशा उलटी होते, इतकेच. या यंत्रांनी शेकडा ७० ऊर्जा परत मिळविली तर दीड टनातील सुमारे एक टन वाचतो. विजेत मोजल्यास ऐन उकाड्यात पंख्यांचा खर्च वजा जाता ताशी एक युनिट, असा अंदाज निघतो. डिसेंबरात यातील फारसे काही वाचणार नाही. बचत कॅनडाएवढी नेत्रदीपक नाही, हे देणगीदारांना स्पष्टपणे कळविले आहे. येथे खरा लाभ विजेच्या देयकात शोधू नये. एरवी परवडत नाही म्हणून जी ताजी हवा घेतलीच जात नाही, ती घेता येईल, हा तो लाभ आहे.

दोन प्रकारांपैकी चक्राचा प्रकार आपण नाकारला. चक्र फिरताना बाहेर जाणाऱ्या हवेचा थोडा अंश परत आत येतो. घरात त्याने बिघडत नाही, परंतु डायलिसिसच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती क्षीण असते. म्हणून स्थिर पडद्यांची पेटी निवडली. स्वच्छतागृहांची हवा तीत न आणता स्वतंत्र पंख्याने बाहेर सोडावयाची आहे. ताजी हवा घेण्याचे तोंड रुग्णवाहिकेच्या थांब्यापासून आणि जनरेटरच्या धुरापासून दूर, मागील अंगणाच्या बाजूस ठेवले आहे. कक्षाच्या दारास आपोआप मिटणारी योजना करावी लागेल, कारण शिळी हवा दारानेच निघून गेली तर पेटीला परत मिळविण्यासारखे काही उरत नाही.

‘मग सर्वच कक्षांत ही यंत्रणा का नको?’ अशीही सूचना आली. क्षयरोग व तत्सम संशयित रुग्णांच्या विलगीकरण कक्षाची हवा कोणत्याही कारणाने परत फिरता कामा नये. ती थेट बाहेर सोडणे हेच योग्य. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, हे रिचर्ड रायली यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोर येथे सप्रयोग दाखविले. क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा त्यांनी नळांवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे नेली आणि त्या प्राण्यांना संसर्ग झाला. सामान्य कक्षांची गोष्ट निराळी आहे. आपल्या जुन्या इमारतीची छपरे उंच आहेत, खिडक्या समोरासमोर आहेत आणि वर झरोके आहेत. पेरू देशात लीमा येथील रुग्णालयांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, दारे-खिडक्या उघड्या असता कक्षातील हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती, तर यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत ती १२ वेळा बदलत होती. जुन्या, उंच छपरांच्या इमारती तर नव्यांहून सरस ठरल्या. तेव्हा ज्या कक्षांना निसर्गतः हवा मिळते ते वातानुकूलित करण्याचा आग्रह हितचिंतकांनी धरू नये, अशी विनंती आहे.

घरी परतलेल्या रुग्णाच्या खोलीत ए.सी. असल्यास दिवसातून काही वेळा समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात आणि रात्री एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. विजेचे देयक थोडे वाढेल. एका खोलीपुरती छोटी यंत्रेही आता बाजारात मिळतात, परंतु बहुतेक घरांना त्यांची गरज पडू नये.

राहता राहिला देखभालीचा विषय. सर्वसाधारणपणे देणगी यंत्रासाठी मिळते. यंत्राच्या गाळणीसाठी कोणी देत नाही. नेदरलँडमध्ये आमर्सफोर्ट शहराच्या फाटहोर्स्ट या नव्या वसाहतीतील घरांत अशाच पेट्या बसविल्या होत्या. २००७-०८ च्या सुमारास तेथील रहिवाशांच्या प्रकृतीच्या तक्रारींचा तेथे मोठा गवगवा झाला. चौकशीत बसवणुकीतील दोष, अपुरा हवापुरवठा आणि देखभालीतील उणिवा समोर आल्या. आवाजाचा त्रास होतो म्हणून लोक यंत्राची गती कमी करून ठेवीत असत. त्या वृत्तांताचा सारांश विश्वस्त मंडळापुढे ठेवल्यावर देणगी स्वीकारताना दोन अटी घालण्याचे ठरले. पहिल्या पाच वर्षांच्या गाळण्या व दुरुस्ती यांची रक्कम देणगीतूनच वेगळी ठेवावयाची आणि कक्षातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे उपकरण भिंतीवर सर्वांस दिसेल असे लावावयाचे. देणगीदार कुटुंबाने दोन्ही अटी मान्य केल्या आहेत. गाळणी दर महिन्यास स्वच्छ केल्याची नोंद विभागाच्या वहीत होईल आणि ती वही कोणाही नातेवाइकास मागताच पाहावयास मिळेल.